ऑनलाइन जुगार : खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण खातं भाड्यानं देणारा अडकणार!

"तुझं बँक खातं दोन महिने वापरायला दे, घरबसल्या पैसे घे." अशी ऑफर कुणी दिली तर भुलू नका. ऑनलाइन जुगाराचे पैसे फिरवायला अशीच भाड्याची खाती वापरली जातात आणि नव्या कायद्याचा मोठा दणका तिथंच बसणार आहे.

संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सहीही झाली. रमी असो, पोकर असो की क्रिकेटची टीम लावणं. जिंकण्याच्या आशेनं पैसे लावायचे असतील, तर तो खेळ बंद. 'हा नशिबाचा नाही, डोक्याचा खेळ आहे' ही सबब आता चालणार नाही. बिनपैशाचे साधे गेम आणि ई-स्पोर्ट्सला मात्र परवानगी आहे.

शिक्षा कुणाला?

असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही.

पैशाची वाट बंद

या खेळांसाठी बँका आणि पेमेंट ॲपनी व्यवहार करू द्यायचा नाही. त्यात 'इतर कोणतीही व्यक्ती' असेही शब्द आहेत. म्हणजे पैसे फिरवायला मदत करणारा साधा माणूसही यात येऊ शकतो. त्यालाही ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा अजामीनपात्र आहे.

मोठ्या ॲपनी पैशाचे खेळ थांबवले. पण व्हॉट्सॲप, टेलिग्रामवर लिंक पाठवून चोरून धंदा चालतोच. पैसे भरताना क्यूआरवर कंपनीऐवजी कुणातरी अनोळखी माणसाचं नाव दिसलं, की समजा, ते भाड्याचं खातं असू शकतं.

तक्रार झाली की पोलीस ते खातं गोठवतात. मग त्याच खात्यात आलेलं दुधाचं बिल, पीकविमा, पीएम किसानचा हप्ता काढता येत नाही. पैसे दुसऱ्याचे होते हे सांगत पोलीस ठाण्याचे हेलपाटे खातेदारालाच मारावे लागतात.

काय कराल?

• पासबुक, एटीएम कार्ड, सिम, ओटीपी कुणालाही देऊ नका.
• खातं आधीच दिलं असेल, तर बँकेत जाऊन लेखी कळवा.
• फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.