पेशींतील भंगार आणि कंपवात

आपल्या आजोबांचें अक्षर वर्षानुवर्षें बारीक होत गेलेलें आमच्या वाचकांपैकीं कोणीं पाहिलें आहे काय? सदऱ्याची गुंडी लावण्यास पूर्वीं क्षणहि लागत नसे, तेथें आतां कांहीं मिनिटें लागतात. चालतांना पाय घासतात. स्वस्थ बसले असतां एक हात आपोआप थरथरतो. घरचीं माणसें म्हणतात, "वय झालें." कधीं तें खरें असतें, परंतु कधीं तो कंपवात असतो. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनीं इ. स. १८१७ मध्यें या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. मेंदूच्या मध्यभागीं डोपामिन नांवाचें द्रव्य तयार करणाऱ्या कांहीं पेशी असतात. त्या मरूं लागल्या म्हणजे हालचाली मंदावतात. त्या कां मरतात, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग आम्ही येथें सांगणार आहों.

त्यासाठीं प्रथम आपल्या उद्यमनगरांत जाऊं. कोल्हापूरच्या फौंड्र्यांत भट्टींत जातें तें सर्वच लोखंड नवें नसतें. जुनें भंगार व ओततांना बिघडलेले नग पुन्हां वितळवून त्यांतूनच नवे नग ओततात. परंतु भट्टींत काय टाकावयाचें, हें आधीं ठरवावें लागतें. चांगला नग वितळविला तर नुकसान. चिरलेला नग यंत्रांत बसविला तर त्याहून मोठें नुकसान.

पेशीचा कारखानाहि असाच चालतो. पाठ्यपुस्तकांत आपण ज्या लयकारिका वाचतों, त्या पेशींतील भट्ट्याच होत. मात्र तेथें अग्नीऐवजीं आम्ल व पाचक विकरें काम करतात. पेशी आपलेच जीर्ण भाग पटलांत गुंडाळून लयकारिकेकडे नेते. तेथें त्यांचें विघटन होतें आणि निघालेलें द्रव्य पुन्हां उपयोगांत येतें. बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान द द्यूव यांनीं १९६३ मध्यें या क्रियेस 'स्वभक्षण' या अर्थाचें नांव दिलें. पुढें जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनीं यीस्टच्या पेशी उपाशी ठेवून ही क्रिया सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली व तिचीं जनुकें शोधून काढलीं. त्याबद्दल त्यांस २०१६ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

मग एकादशी केली म्हणजे कंपवात टळेल काय? असें अनुमान काढणें घाईचें होईल. भुकेलेली पेशी पोटासाठीं, फारशी निवड न करतां, आपलेंच द्रव्य मोडते. येथें महत्त्व आहे तें निवडीला, म्हणजे बिघडलेला भाग ओळखून नेमका तेवढाच काढण्याला.

ही निवड कशी होते पाहा. तंतुकणिका हीं पेशीचीं ऊर्जाकेंद्रें. निरोगी तंतुकणिका पिंक-१ नांवाचें प्रथिन आंत ओढून घेते, आणि तें तोडलें जाऊन नाहींसें होतें. परंतु तंतुकणिका बिघडून तिच्या पटलावरील विद्युद्भार ओसरला, कीं तें बाहेरच्या बाजूसच सांचूं लागतें. हाच धोक्याचा बावटा! त्यासरशी पार्किन हें दुसरें प्रथिन धांवून येतें आणि त्या तंतुकणिकेवर युबिक्विटिन या इवल्या प्रथिनाच्या खुणा चिकटवितें. बिघडलेल्या नगावर खडूची फुली मारावी, तसेंच हें. फुली पडलेली तंतुकणिका गुंडाळली जाऊन भट्टीकडे जाते.

फुली मारणारेच नसतील तर? १९९८ मध्यें जपानी संशोधकांस, तरुणपणींच कंपवात जडलेल्या कांहीं कुटुंबांत पार्किनचें जनुक बिघडलेलें आढळलें. २००४ मध्यें पिंक-१ च्या जनुकाविषयीं तसेंच दिसून आलें. २००६ मध्यें, पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या फळमाश्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले. पिंक-१ नसलेल्या माश्यांच्या पंखांच्या स्नायूंतील तंतुकणिका बिघडल्या होत्या; अधिक पार्किन मिळतांच तो बिघाड पुष्कळ सुधारला. उलट पार्किन नसतां पिंक-१ वाढवून उपयोग झाला नाहीं. यावरून दोघांच्या कामाचा क्रम कळला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतहि फळमाशीच्या साह्यानें स्वभक्षणाचा अभ्यास होतो.

मेंदूच्या पेशींस हा बिघाड विशेष कां जाचतो? त्वचेची पेशी विभागते, तेव्हां तिच्यांतील कचराहि वांटला जातो. मेंदूंतील बहुतेक चेतापेशी मात्र विभागत नाहींत. आजोबांची चेतापेशी त्यांच्याच वयाची. तिला आपलें घर आपणच जन्मभर झाडावें लागतें.

बहुसंख्य रुग्णांत हीं दोन जनुकें शाबूत असतात, आणि या विकारास इतरहि कारणें आहेत, हें विसरूं नये. स्वभक्षण सुधारून कंपवात बरा करणारें औषध अद्याप हातीं आलेलें नाहीं. लेव्होडोपासारखीं औषधें डोपामिनची उणीव भरून काढतात व हालचाल सुकर करतात. पेशींचा ऱ्हास तीं थांबवीत नाहींत. तरीहि त्यांनीं पुष्कळांचे दिवस सुसह्य होतात.

म्हणून बालमित्रांनो, आजोबांचा हात थरथरला तर हसूं नका. आणि पालकहो, "वय झालें" म्हणून स्वस्थ बसण्यापूर्वीं त्यांना एकदां डॉक्टरांकडे न्या. गुंडी लावण्यास त्यांना जीं दोन मिनिटें अधिक लागतात, तीं त्यांना खुशाल लागूं द्या.