बाजार आणि चौक

विक्रीशी साहित्याचा संबंध काय, असे एखाद्या मराठीच्या प्राध्यापकाला विचारले, तर तो बहुधा नाक मुरडील. आमच्या वर्गात कवीला मान आणि जाहिरात लिहिणाऱ्याला हशा, अशी जुनी वाटणी आहे. पण अडचण दोघांचीही एकच असते: अनोळखी माणसाने आपले बोलणे आपुलकीने ऐकावे कसे?

हा प्रश्न मला पडला तो बोईसरच्या एका मार्केटिंग-परिषदेत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत विक्रीचे काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी "सर, एकदा याच," म्हणून मागे लागला होता. पालघरहून गाडीत बसावे, उमरोळी गेले की बोईसर आलेच. तेव्हा सबब सांगायलाही जागा नव्हती.

सभागृहात रसायने, कापड, पोलाद करणारी मंडळी होती. यांतल्या बऱ्याच जणांचा माल गिऱ्हाइकाला कधी दिसतच नाही. औषधाची गोळी घेणारा रोगी तिच्यातल्या द्रव्याचे गाव थोडेच विचारतो! तरी प्रत्येक वक्ता बजावत होता, "माल विकू नका, नाते जोडा." मंडळी भराभर टिपून घेत होती.

जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाला एक कापडी पिशवी मिळाली. तिच्यावर वारली चित्र होते: मध्ये तारपा वाजविणारा, भोवती नाचणारे. माझ्या शेजारी एका कारखान्याच्या विक्रीखात्यातली वारली तरुणी बसली होती. पिशवी न्याहाळून ती म्हणाली, "सर, हे आमच्याकडच्या कोणी काढलेले नाही. यातल्या नाचणाऱ्यांनी तारप्याकडे पाठ केली आहे. आमच्यात तशी पाठ कधी करीत नाहीत."

दिवसभराच्या व्याख्यानांत मला जे उमगले नव्हते, ते या एका वाक्याने उमगले.

वारली चित्र मुळात बाजारासाठी नव्हतेच. लग्नघरी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकात पालघट देवी असते. तिला बोलावल्यावाचून लग्न लागत नाही. म्हणजे ते चित्र हे एक आमंत्रणच! साधने किती थोडी: एक पांढरा रंग, वर्तुळ, त्रिकोण आणि रेघ. तेवढ्यातून सारा गाव उभा राहतो. प्रतिभेला सामग्री थोडी चालते, पण कोणाला बोलवायचे आहे हे नक्की लागते.

1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही चित्रे कागदावर येऊन शहरांत पोहोचली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे (1934–2018) यांनी त्यांना जगभर नेले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2010 च्या दिवाळीत तर कोकाकोलानेही लोकांना सणाला घरी बोलावणाऱ्या आपल्या जाहिरातीसाठी वारली चित्रेच निवडली. 2014 साली या कलेला भौगोलिक मानांकन लाभले. नाव गावाकडे राहावे, हा त्यामागचा हेतू. पण मानांकन कागदावर असते आणि पिशवी हातात!

दुपारी प्रश्नोत्तरांत ती तरुणी उठली आणि शांतपणे म्हणाली, "पिशवीवरचे चित्र कोणी काढले?"

सभा गप्प झाली. व्यवस्थापकांपैकी एकाने प्रामाणिकपणे सांगितले, "छापखान्याकडे तयार होते, तेच घेतले."

"माझी आई चौक लिहिते. पुढच्या वर्षी तिला विचारा."

कोणीतरी हसत म्हणाले, "पैसे घेतील ना त्या?"

"चौकाचे घेत नाही," ती म्हणाली, "पिशवीचे घेईल. आणि खाली नाव घालावे लागेल."

टाळ्या पडल्या. पण मला टाळ्यांपेक्षा मोलाची वाटली ती तिने घातलेली सीमा. देवीला बोलावणे निराळे आणि गिऱ्हाइकाला बोलावणे निराळे; दोन्ही चांगली, पण एकाच्या नावावर दुसरे खपवू नये. नाते जोडायचे तर आधी ज्याचे हात त्याला ओळखले पाहिजे. त्याच्याकडे पाठ करून कितीही सुंदर फेर धरला, तरी तो नाच नव्हे.

वाचकहो, दिवाळीच्या खरेदीत आपण भाव तर करतोच. यंदा पणत्या, आकाशकंदील, भेटवस्तू घेताना एक प्रश्न अधिक विचारू या: हे केले कोणी? दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल, तर निदान पुढच्या वर्षी तरी तो ते शोधून ठेवील.