सस्पेन्शन फोर्क : ताठपणा आणि वजन
डोंगरवाटांवरील सायकलीचा पुढचा सस्पेन्शन फोर्क ताठ करावयाचा तर वजन वाढणारच, हा समज अर्धाच खरा आहे. पातळ नळीचे वजन व्यास व भिंतीची जाडी यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वाकण्यास होणारा विरोध मात्र व्यासाचा घन व जाडी यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. म्हणून धातू व वजन तेच ठेवून नळीचा व्यास ३२ वरून ३६ मिलिमीटर केल्यास ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो. भिंत फार पातळ झाली, तर दगडाच्या आघाताने ती चेपते. हा लाभ तेथेच थांबतो.

पिळाचा प्रश्न वेगळा. नेहमीच्या फोर्कमध्ये दोन्ही पायांना जोडणारी, चाकावरील कमान पीळ रोखते. उलट्या रचनेत ती नसते. त्यामुळे २०१४ मधील रॉकशॉक्स आरएस-१ साठी खास जाड हब बनवावा लागला.