पहाटे तीनचा चहा

मे महिन्यात हिमालयातली एखादी खिंड ओलांडायची असेल, तर आदल्या मुक्कामी पहाटे तीनलाच तंबूबाहेरून हाक येते, ‘उठो, चाय!’ बाहेर मिट्ट काळोख असतो आणि थंडीने बोटं वळत नाहीत. पुण्या-मुंबईहून आलेल्या ट्रेकरच्या मनात एकच प्रश्न असतो : उजाडल्यावर निघालो तर काय बिघडेल? सह्याद्रीत आपण लवकर निघतो ते ऊन चुकवायला. इथंही कारण ऊनच आहे, पण चिंता असते ती बर्फाला ते किती लागलंय याची.

हिवाळाभर बर्फ थरावर थर साचत जातो. त्यात एखादा थर जाड्या साखरेसारखा सुटा, कच्चा राहतो. वर नव्या बर्फाचा भार पडला की वरची लादीच्या लादी निसटते. वसंतात या खेळात पाणी शिरतं. दिवसा वितळलेलं पाणी कणांच्या फटींतून खाली झिरपतं आणि कणांना एकमेकांशी जखडणारे सांधे सैल करतं. ते एखाद्या कडक थरावर किंवा खडकावर अडलं, की वरचा सगळा भार जणू घसरगुंडीवर ठेवलेला असतो. असं ओलं हिमस्खलन कोरड्या हिमस्खलनापेक्षा सावकाश येतं, पण कितीतरी जड असतं. थांबलं की ते इतकं आवळून बसतं की हाताने उकरता येत नाही.

रात्री हे चक्र उलटं फिरतं. आकाश निरभ्र असेल, तर बर्फाची उष्णता वर निघून जाते. हवा शून्य अंशाच्या किंचित वर असली तरी वरचा थर गोठतो आणि सैल झालेले कण पुन्हा घट्ट होतात. आभाळ भरलेलं असेल, तर ढग गोधडीसारखे वर पसरतात आणि बर्फ नीट गोठत नाही. ‘काल थंडी कमी होती, झोप छान लागली,’ असं आपण खुशीत सांगतो, तेव्हा गाइडच्या कपाळावर आठी पडते ती यामुळेच.

सकाळी ऊन सगळ्या उतारांवर एकदम येत नाही. पूर्वेकडे तोंड असलेले उतार आधी तापतात, मग दक्षिणेकडचे, दुपारी पश्चिमेकडचे. उत्तरेकडचे उतार उशिरापर्यंत थंड राहतात, पण तिथं हिवाळ्यातले कच्चे थरही जास्त टिकतात. आपण सावलीत असलो तरी डोक्यावरच्या कड्याला तासाभरापूर्वीच ऊन लागलेलं असू शकतं. म्हणून नजर वरही हवी.

बर्फ बदलतोय हे बूट सांगतो. पहाटे पाय टाकला की टणक आवाज येतो, तेव्हा धोका घसरून पडण्याचा असतो. पुढे वरचा इंचभर थर मऊ होतो आणि चालायला मजा येते. पण पाय घोट्याच्या वर रुतू लागला, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडत येऊ लागले, की वेळ संपली असं समजावं. ताज्या बर्फवृष्टीनंतर पडणारं पहिलं कडक ऊन तर विशेष घातक.

जागाही पाहावी लागते. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात. उतार मोबाइलवरही मोजता येतो. सह्याद्रीत आपल्याला घळ म्हणजे वाट वाटते. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट त्यातलीच. हिमालयात घळ ही आधी बर्फाची वाट असते. रूपिन खिंडीसारख्या ठिकाणी शेवटची चढण अशाच घळीतून आहे. तिथं थांबून फोटो काढू नयेत. एकेकाने पार व्हावं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून लक्ष ठेवावं. घळीच्या तोंडाशी डबा उघडून बसणं तर टाळावंच.

धोका फक्त ट्रेकरलाच असतो असंही नाही. सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यालगत 4 एप्रिल 2023 रोजी दुपारच्या सुमारास हिमस्खलन झालं आणि 7 पर्यटक दगावले. ते कुठलं शिखर चढत नव्हते, रस्त्यालगतच्या बर्फात होते.

बर्फाखाली गाडलेल्या माणसाच्या हाती पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात. बाहेरून मदत इतक्यात पोचत नाही, शोध सोबत्यांनाच घ्यावा लागतो. त्यासाठी प्रत्येकाजवळ रेडिओ संकेत देणारा-घेणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसायची लांब काठी आणि फावडं हवं, वापरायचा सरावही हवा. पण ही साधनं घात झाल्यावरची. तो टाळण्यासाठी निघण्याआधी डीआरडीओच्या हिमस्खलन इशाऱ्यांकडे पाहावं, स्थानिकांना विचारावं आणि परत फिरायची वेळ ठरवून ठेवावी. खिंड अगदी समोर दिसत असली, तरी ती वेळ मोडू नये.

आणि पहाटे तीनला तंबूबाहेर आलात, वर एकही चांदणी दिसली नाही, पायाखालचा बर्फ रवाळ, ओला लागला, तर चहा प्यावा आणि पुन्हा स्लीपिंग बॅगेत शिरावं.