अॅडाप्टर जळाला म्हणून मशीन फेकू नका

नागरा असो की गोंदियाचा बाजार, आज लहानशा दुकानातही बिल छापणारा प्रिंटर, इंटरनेटचा राउटर आणि कॅमेऱ्याची पेटी आली आहे. या प्रत्येकाला वीज देणारी एक काळी डबी भिंतीत खोचलेली असते, तिलाच अॅडाप्टर म्हणतात. पावसाळ्यात वीज कडाडली किंवा गेलेली लाईट झटक्याने परत आली, की बहुधा पहिला बळी हिचाच जातो. ईद, दिवाळी, लग्नसराईच्या ऐन गर्दीत बिल बंद पडते. मग घाबरलेला दुकानदार एकतर कंपनीचा महागडा अॅडाप्टर मागवतो, नाहीतर हाती लागेल तो खोचतो. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात मशीन जाते.

अगोदर वायर पाहावी. पिनेच्या गळ्याशी ती वाकून वाकून आतून तुटते. पिन हलवल्यावर दिवा लागतो-विझतो असे दिसले, तर दोष तेथेच आहे आणि रिपेअरिंगवाला थोड्या पैशांत नवी वायर जोडून देतो.

डबीच जळाली असेल तर तिच्यावरील बारीक अक्षरे वाचावीत. ‘इनपुट’पुढे 100 ते 240 व्होल्ट असेल, ते घरच्या विजेचे. आपल्या कामाचे ते ‘आउटपुट’. तेथे व्होल्ट आणि अँपिअर असे दोन आकडे असतात. आम्हा कापडवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर व्होल्ट हा पन्हा आणि अँपिअर ही ताग्याची लांबी. पन्हा जमलाच पाहिजे. तागा मोठा असला तर बिघडत नाही, कारण शर्टाला लागेल तेवढेच कापड त्यातून जाते. म्हणून 12 व्होल्ट 1 अँपिअरच्या जागी 12 व्होल्ट 2 अँपिअरचा बिनधास्त लावा, पण 9 व्होल्टच्या राउटरला 12 चा लावू नका. अँपिअर कमी पडले तर बिल फिके छापते, प्रिंटर अर्ध्यातच बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि अॅडाप्टर तापून लवकर मरतो. टेबलावरच्या बऱ्याच थर्मल प्रिंटरना 24 व्होल्ट लागतात, तेव्हा राउटरचा अॅडाप्टर तेथे कामाचा नाही.

आता पिन. बाहेरून 5.5 मिलिमीटरच्या दोन पिना सारख्याच दिसतात. आतले भोक मात्र एकीचे 2.1 आणि दुसरीचे 2.5 असते. मोठ्या भोकाची पिन बारीक काट्यावर बसते खरी, पण ढिली राहते. काही प्रिंटरला तीन काट्यांची गोल पिन असते. लेबलावर गोलाचे एक छोटे चित्र असते, त्यात पिनेच्या आत अधिक आहे की उणे ते कळते. बहुतेक ठिकाणी आत अधिक असते, पण काही कीबोर्ड-वाद्यांना उलटे असते. व्होल्टपुढे नागमोडी रेघ असेल तर तो एसी अॅडाप्टर; डीसीच्या मशीनला तो लावायचा नाही.

सर्वांत स्वस्त अॅडाप्टर बहुधा घरातच असतो. बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सचा किंवा जुन्या राउटरचा काढून ठेवला असेल तर आकडे जुळवून पाहा. नसेल तर गोंदियात, तेथेही नाही मिळाला तर नागपूरच्या सीताबर्डीत चौकशी करावी. 12 व्होल्टचा साधा अॅडाप्टर काही शे रुपयांत येतो. जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला कोणी देऊ लागला तर मीटर लावून पाहावा. 12 लिहिलेला रिकामा असताना 16-17 व्होल्टही दाखवतो. एकाच डबीवर बटण सरकवून 3 ते 12 व्होल्ट देणारा ‘युनिव्हर्सल’ मला दुकानासाठी पसंत नाही. झाडताना बटण सरकले की काम संपले.

स्वस्त मालात पारख एवढीच. केंद्राने 2012 साली इलेक्ट्रॉनिक मालाची सक्तीची नोंदणी सुरू केली, पुढे त्यात अॅडाप्टरही आले. डबीवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर-’नंतर आठ अंकी नंबर हवा. ‘बीआयएस केअर’ अॅपवर तो टाकला की कंपनीचे नाव दिसते. डबीवरचे नाव वेगळे निघाले तर माल परत करावा. पक्के बिल मागावे. बिल नसेल तर बदलून देण्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

लॅपटॉपचे प्रकरण थोडे वेगळे. काही कंपन्यांच्या लॅपटॉपच्या पिनेत मधोमध एक बारीक काटा असतो, त्यातून लॅपटॉप आपला अॅडाप्टर ओळखतो. आकडे जुळले तरी ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालतो, बॅटरी मात्र भरत नाही. म्हणून लॅपटॉप सोबत नेऊन, लावून पाहूनच पैसे द्यावेत. इतर मशीनच्या लेबलाचा आणि पिनेचा फोटो आजच मोबाईलमध्ये काढून ठेवावा, जळाल्यावर तीच अक्षरे कधी कधी वाचता येत नाहीत.