पाकीट मिळाले, पण बाळाने खाल्ले का?

अंगणवाडीच्या नोंदीत आहार वाटपाचा रकाना असतो. पाकीट दिले, नोंद झाली, की सरकारच्या लेखी ते मूल जेवले. त्या पाकिटाचे पुढे काय झाले, हे विचारणारा रकाना नसतो. ते ठाऊक असते आपल्या घरांना. तयार पिठाच्या उपम्याला वास येतो म्हणून मूल तोंड फिरवते, आणि ते पीठ शेजारच्या बकरीपुढे जाते. दोन वर्षांच्या पोरासाठी आलेला शिधा सहा माणसांच्या पातेल्यात पडतो आणि दोन दिवसांत संपतो. नळावर, विहारातल्या कार्यक्रमानंतर, धुणीभांडी करून परत येताना बायका हे एकमेकींना सांगतात. पण जिथे आहार ठरतो, तिथे यातले अक्षरही पोहोचत नाही.

हा आहार म्हणजे कुणाची मेहेरबानी नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तो हक्क केला आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकाला दिवसाला ५०० उष्मांकांचा आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांचा आहार, कुपोषित बालकाला ८०० उष्मांक, गरोदर आणि स्तनदा मातेला ६००. हे उष्मांक पोटात जायचे आहेत, पिशवीत नव्हे. पहिल्या दोन-तीन वर्षांत अंगाला जे लागत नाही, ते पुढे भरून काढणे फार कठीण असते. म्हणूनच पाकीट आवडले की नाही, हा लाडाकोडाचा प्रश्न नाही. तो बाळाच्या वजनाचा आणि वाढीचा प्रश्न आहे.

याच कायद्याच्या २८ व्या कलमात सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आहे. शब्द जड आहे, अर्थ सोपा: ज्यांच्यासाठी योजना आहे, त्यांनाच विचारून योजनेचा हिशेब तपासायचा. तक्रारीसाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग, अशी पायरीही कायद्यात आहे. मग घराघरांतले बोलणे तिथे का जात नाही? कारण ते सुटे सुटे असते. एका आईने सांगितले तर ‘तुमच्याच मुलाला नखरे’ असे उत्तर मिळते. वस्तीतल्या ४० घरांनी एकाच महिन्याचा हिशेब तारखेसह मांडला, की ते उत्तर देता येत नाही.

आपल्याच राज्यात हे आरोग्य सेवेच्या बाबतीत घडलेले आहे. २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाच्या उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने राज्य पातळीवर त्याचे काम पाहिले. गावातल्या समितीने लोकांना विचारायचे: नर्सताई येते का, दवाखान्यात औषध मिळते का, बाहेरून आणायला लावतात का, पैसे मागतात का? उत्तरांवरून गावाचे प्रगतिपत्रक बनायचे. चांगल्याला हिरवा रंग, मध्यमला पिवळा, वाईटाला लाल. पोरांचे प्रगतिपत्रक पालक बघतात, इथे दवाखान्याचे प्रगतिपत्रक गाव बघत होते! मग जनसुनवाई भरायची आणि अधिकाऱ्यांना लोकांसमोर उत्तर द्यावे लागायचे. अक्षर न येणाऱ्या आजीलाही लाल रंग कळत होता. मला या पद्धतीचा हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

अंगणवाडीच्या आहाराची कथा मात्र जास्त गुंतागुंतीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावले होते की या आहारात ठेकेदार नकोत, काम बचत गट, महिला मंडळे आणि गावसमाजाकडे द्यावे. तरीही महाराष्ट्रात मोठमोठी कंत्राटे निघत राहिली. अखेर २०१९ मध्ये न्यायालयाने राज्याची २०१६ ची निविदा प्रक्रिया रद्द केली, कारण तिच्या अटींमुळे छोटे बचत गट बाहेर फेकले जात होते. त्यानंतर आहाराचे रूप बदलत गेले. कधी डाळ-कडधान्याचा कोरडा शिधा, कधी पुन्हा तयार पिठाची पाकिटे. प्रत्येक बदलाआधी वस्तीतल्या किती मातांना विचारले गेले असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

अंड्यांचेही तसेच. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने शाळेतल्या आहारात आठवड्याला अंडे द्यायचे ठरवले, जे खात नाहीत त्यांना केळे. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी पैसा बंद झाला. लोकसहभागातून द्यायचे तर द्या, असे सांगण्यात आले. ज्या घरांत महिनाअखेरीला डाळ पातळ होते, त्या घरांना विचारले असते, तर अंडे आधी गेले नसते.

मग विचारायचे कसे? ‘आहार चांगला आहे का?’ या प्रश्नाला सेविकाताई शेजारी उभी असताना प्रत्येक आई ‘चांगला आहे’ म्हणेल. म्हणून मत विचारू नये, घडलेले विचारावे. मागच्या महिन्यात पाकिटे किती आली, कोणत्या तारखेला? बाळाने किती दिवस खाल्ले, उरलेले कुणी खाल्ले? बाळाचे वजन शेवटचे कधी केले आणि किती भरले, ते तुम्हाला सांगितले का? हे दोघी-तिघींनी घरी जाऊन, संध्याकाळी, कामावरच्या बाया परतल्यावर विचारावे. जी घरे यादीतच नाहीत तिथे आधी जावे. भाड्याच्या खोलीत नुकतेच आलेले, ऊसतोडीहून परतलेले, आधारकार्ड नसलेले. ज्यांना काहीच मिळत नाही, त्यांची तक्रार मिळणाऱ्यांच्या यादीत कधी सापडत नाही.

चेहरा जुळवण्याची नवी पद्धतही विचारून घ्यावी. जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या आहारासाठी मोबाईलवर चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली आहे. आई सकाळी सातला बंगल्यावर भांडी घासायला गेली, आजी पाकीट आणायला आली, आणि चेहरा काही जुळत नाही. अशी खेप फुकट गेली की त्याची तारीख लिहून ठेवा. मोबाईलमधल्या नोंदीत ते घर फक्त ‘आले नाही’ असे दिसेल.

एक गोष्ट मात्र सांभाळावी. पहिला राग सेविकाताईवर निघतो आणि बहुधा तो चुकीच्या ठिकाणी निघतो. ती मानधनावर काम करते, कित्येकदा आपल्याच वस्तीत राहते आणि पाकिटात काय भरायचे ते ती ठरवत नाही. तिला आधी सांगावे, जमल्यास सोबत घ्यावे. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे करावा आणि तो सगळ्यांचा असावा. ‘तक्रार केली तर नाव कापतील’ ही भीती खरी असते. अर्जात एकाच आईचे नाव पुढे नसले, की ती पुष्कळ कमी होते.

ज्या घरात बाप गेला आहे किंवा टाकून गेला आहे, तिथे बाल संगोपन योजना आहे. पूर्वी मुलामागे महिन्याला ४२५ रुपये मिळत, मग ११०० झाले आणि २०२३ पासून २२५०. ही वाढ आपोआप झालेली नाही. कोरोनात पती गमावलेल्या बायकांना हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तालुक्या-तालुक्यांत एकत्र आणले. त्यांच्या अडचणी सरकारपुढे पुन्हा पुन्हा मांडल्या. २०२१ मध्ये मिशन वात्सल्य आले आणि तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुका समित्या बनल्या, म्हणजे या बायकांना प्रत्येक योजनेसाठी वेगळे दार ठोठावे लागू नये. आपल्या वस्तीतल्या एकल मातांकडूनही हेच समजून घ्यायला हवे: कोणत्या दाखल्यासाठी किती खेपा झाल्या, किती दिवसांची मजुरी बुडाली, पैसे किती महिने थकले. अर्ज महिला व बालविकास कार्यालयाकडे करायचा असतो आणि मंजुरी बाल कल्याण समिती देते. त्यामुळे कागद नेमका कुठे अडला, हे ज्या-त्या घराच्या नावासमोर लिहावे.

वस्तीत अंगणवाडीच नसेल, तर डिसेंबर २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश हाताशी ठेवा. सहा वर्षांखालची किमान ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केली, की तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी, असे त्यात म्हटले आहे. झोपडपट्ट्यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा मुले मोजा, भाडेकरूंचीही धरा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. तीन महिने त्याच तारखेपासून मोजायचे आहेत.