काँगरी : पडलेली झाडं जिथल्या तिथे

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्याची राजधानी कोलंबिया. तिथून गाडीने अर्ध्या तासावर काँगरी नदीकाठचं दलदलीचं रान आहे. झाडांमधून लाकडी पायवाट जाते. खाली कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी, आणि त्यातून वर आलेले बाल्ड सायप्रस झाडांच्या मुळांचे ‘गुडघे’. कोकणातल्या वाचकाला तिवरांची श्वासमुळं आठवतील, पण हे चांगले कमरेएवढे उंच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे लाकूडतोड झाली. पण ओली खोडं इतकी जड, की नदीत सोडली की बुडायची. धंदा परवडेना, रान वाचलं. पुढे हॅरी हॅम्प्टन या पत्रकाराने त्याच्यासाठी लेखणी झिजवली. 1976 साली संरक्षण मिळालं, 2003 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा.

22 सप्टेंबर 1989 च्या मध्यरात्री ह्यूगो चक्रीवादळ चार्ल्स्टनजवळ धडकलं आणि इतकं आत येऊनही त्याने इथे थैमान घातलं. शतकं पाहिलेली झाडं मुळासकट आडवी झाली. अशा वेळी पहिला विचार सुचतो तो पडलेलं लाकूड उचलून विकण्याचा. इथे वाटा तेवढ्या मोकळ्या केल्या आणि रान जसंच्या तसं राहू दिलं. माझ्या मते हाच यातला सर्वांत शहाणा निर्णय. दलदलीत यंत्रं घातली की मऊ माती दबते, पाण्याच्या वाटा मोडतात आणि वाचलेली रोपं चिरडली जातात.

वादळानंतर अभ्यासकांनी झाडं मोजली. पाणथळ खोलगट भागातले सायप्रस आणि टुपेलो बऱ्यापैकी तगले होते. फुगीर बुंधे आणि पसरलेली मुळं कामी आली. जास्त मोडतोड झाली ती किंचित उंचावरच्या ओक वगैरे झाडांची. त्यातही आधी कधीतरी मोडलेली झाडं पुन्हा तडाख्यात सापडली. मोडलेल्या कित्येक बुंध्यांना मात्र नवे फुटवे आले.

खरी अडचण सायप्रसच्या बीची. ते पाण्यावर तरंगत दूर जातं, पण पाण्याखाली रुजत नाही. त्याला काही काळ उघडी, ओली माती लागते. आणि पुढचा पूर डोक्यावरून जाऊन फार काळ थांबण्याआधी रोपाला उंच व्हावं लागतं. म्हणजे पुनरुज्जीवनाची किल्ली पाण्याच्या चढउतारात आहे, आणि वरच्या अंगाला सलुडा नदीवर 1930 पासून धरण आहे. भरीला मोकाट रानडुकरं जमीन उकरून रोपं उपटतात. व्यवस्थापनाने हात घालायचा तो इथे: डुकरं आवरायची, परकी झुडपं काढायची, पुराची लय सांभाळायची. लावणीची घाई नको.

उद्यानाला प्रवेशशुल्क नाही. जाणार असाल तर नदीच्या पाण्याची पातळी आधी पाहा. पूर चढला की खालची पायवाट पाण्यात जाते.